घरचं एक मैदान की बाहेरची दहा? खानदेशातल्या गोल्फरसाठी हिशोब

नाशिकला रिक्षात बसून नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हणालात, तर रिक्षावाला तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या फाटकाशी उतरवेल. तिथे सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी असतील, नेटमध्ये पोरं बॅटिंग करत असतील, नशीब असेल तर रणजीचा सामनाही सापडेल. गोल्फ मात्र नाही. नाव राहिलं, खेळ गेला. तेव्हा जळगाव-धुळ्याहून डिकीत बॅग टाकून निघणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यावी ती फोन करून निघण्याची.

खानदेशात राहून गोल्फ खेळायचं म्हणजे रस्ता हा खेळाचाच भाग. धुळ्याहून नाशिक १६० किलोमीटरच्या आसपास, जळगावहून अडीचशे. धुळ्याहून सेंधवामार्गे इंदूरही अडीचशेच्या पुढे. जळगावकराला पुणे चारशेला टेकतं. नंदुरबार-नवापूरच्या लोकांना गुजरात सोयीचं. बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातच गोल्फ कोर्स आहे. एवढा प्रवास करून वर्षाला वीस-चोवीस राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होलचा, अठरा टप्प्यांचा पूर्ण खेळ) पदरात पडत असतील, तर ते एकाच मैदानावर खर्चायचे की दर वेळी नवं मैदान पाहायचं, याचा हिशोब आधी घालायला हवा.

हिशोब असा: चारातले तीन राउंड एकाच मैदानावर आणि चौथा बाहेर. तो चौथाही फिरायला गेल्यासारखा नको, काहीतरी तपासायला गेल्यासारखा हवा. मुंबई-पुण्याचा गोल्फर शनिवारी इथे आणि रविवारी तिथे खेळू शकतो, त्याला हे प्रमाण सैल करता येईल. आपल्याला नाही.

घरचं मैदान कोणतं धरायचं

सुंदर असेल ते नव्हे, जमेल ते. घराच्या दारापासून पहिल्या टीपर्यंत (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) साडेतीन तासांच्या वर वेळ लागत असेल तर ते घरचं मैदान होत नाही. महिनाभर उत्साह टिकतो, मग लग्नसराई येते, कापूस वेचणी येते, आणि बॅगेवर धूळ बसते.

अंतर जमलं की चार गोष्टी पाहा. मैदानाला कोर्स रेटिंग (अव्वल खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत) आणि स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला ते त्याहून किती अवघड जातं) आहे का? नसेल तर तिथला स्कोअर हँडिकॅपसाठी (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा) धरता येत नाही. आठवड्यातले किमान दोन दिवस बाहेरच्यांना किंवा तुमच्या सदस्यत्वाला टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळतो का? रेंज (लांब फटक्यांच्या सरावाची जागा) आणि चिपिंगसाठी (जवळच्या छोट्या फटक्यांसाठी) वेगळं ग्रीन (होलभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ) आहे का? दीडशे किलोमीटर जाऊन फक्त राउंड खेळून परतणं परवडत नाही. आधी तासभर सराव आणि मग राउंड, असा दिवस भरायला हवा. चौथी गोष्ट लोक विसरतात: तिथल्या पार-३ (तीन फटक्यांत संपवायच्या) होलची अंतरं वेगवेगळी आहेत का? चारही पार-३ एकाच ७-आयर्नचे (आयर्न ही लोखंडी डोक्याची काठी, म्हणजे क्लब; आकडा वाढला की फटका आखूड) असतील, तर वर्षभरात तुम्ही ७-आयर्नचे उस्ताद व्हाल आणि ५-आयर्नला गंज चढेल.

नऊ होलचं मैदान कमी लेखू नका. तेच नऊ दोनदा, दुसऱ्या फेरीला वेगळ्या टीवरून खेळले तर काम भागतं, आणि नऊ होलचा स्कोअरही हँडिकॅपसाठी देता येतो. लष्करी छावणीतल्या मैदानावर नागरिकांच्या प्रवेशाचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. तिथे कुणाच्या ओळखीवर वर्षभर विसंबून घरचं मैदान ठरवू नये. ओळखीतल्या साहेबांची बदली झाली की फाटक बंद.

मैदान वहीत उतरवा

घरच्या मैदानाचा खरा फायदा असा की जमीन तीच राहते, त्यामुळे बदललं ते तुमच्यात बदललं एवढं नक्की कळतं. वही नसेल तर हा फायदा निम्मा वाया जातो.

आधी स्वतःचं पाऊल मोजून घ्या. टेपने ५० मीटर आखा, नेहमीच्या चालीने तीनदा चाला आणि पावलांची सरासरी काढा. ६८ पावलं पडली तर एक पाऊल सुमारे ७३.५ सेंटिमीटरचं, म्हणजे दहा पावलांत आठ यार्ड. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लेझर रेंजफाइंडर असला तरी लिहा. ग्रीन मोजायला पाऊलच सोपं पडतं.

मग प्रत्येक होलला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर होलचा ओबडधोबड नकाशा आणि पाच नोंदी: टीपासून पहिल्या बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) पलीकडचा काठ किती दूर, ग्रीन पुढून मागे किती पावलं, ग्रीनची उंच बाजू कोणती, पावसाचं पाणी कुठून वाहून जातं, आणि चुकायचंच असेल तर कोणत्या बाजूला चुकावं. पाण्याची नोंद दुपारच्या सरीनंतर करा, त्याच वेळी उतार उघड दिसतो. डोळ्याला सपाट भासणाऱ्या ग्रीनवर पाण्याचा ओघळ ज्या कोपऱ्यातून बाहेर पडतो, त्या कोपऱ्याकडे तुमचा पटही (ग्रीनवरचा घरंगळता फटका) ओढला जातो.

उजव्या पानावर राउंड. एका राउंडला एक ओळ: टीवर कोणती क्लब, चेंडू फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधला कातरलेला पट्टा) डावीकडे गेला की उजवीकडे, ग्रीनवर मारताना कोणती क्लब, चेंडू अलीकडे पडला की पलीकडे, पहिला पट किती पावलांचा, एकूण पट किती. बास. स्विंग कसा वाटला, मन कुठे होतं, असलं काही लिहायचं नाही.

दहा राउंड झाले की रकाने जोडा. बहुतेक हौशी खेळाडूंच्या वहीत ‘अलीकडे’चा रकाना फुगलेला निघतो. कारण साधं आहे: आपण क्लब निवडतो ती आयुष्यातल्या उत्तम फटक्याच्या हिशोबाने, आणि मारतो रोजचा फटका. उपाय स्विंगमध्ये शोधू नका. पुढचे पाच राउंड ग्रीनवर मारताना एक क्लब जास्त (म्हणजे एका पायरीने लांब मारणारी) घ्या आणि रकाना पुन्हा पाहा. तीन-तीन पट पडत असतील तर पहिला पट किती पावलांचा होता ते बघा. दहा पावलांच्या आतून तीन पट होत असतील तर दिशा चुकतेय, वीस पावलांवरून होत असतील तर वेग. दोन्हींचा सराव वेगळा.

हँडिकॅपचं गणित: ९६ हा ९२ पेक्षा सरस कसा

एकाच मैदानावर खेळणाऱ्याला आपला स्कोअर म्हणजेच आपली लायकी वाटू लागते. बाहेर पडल्यावर घोळ होतो तो इथे.

२०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये प्रत्येक राउंडचा ‘डिफरन्शियल’ काढतात. तुमच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, उरलेल्याला ११३ ने गुणायचं आणि मैदानाच्या स्लोप रेटिंगने भागायचं. (हवामानाची दुरुस्ती असते, ती यंत्रणा स्वतः लावते. एखाद्या होलवर गाडी रुळावरून घसरली तर त्या होलचा आकडा नेट डबल बोगीवर, म्हणजे पार अधिक दोन अधिक तुमचे सवलतीचे फटके इथे, कापतात.) ११३ हा प्रमाण स्लोप, मैदानागणिक तो ५५ ते १५५ पर्यंत असू शकतो. शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वांत कमी ८ डिफरन्शियलची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप इंडेक्स. सुरुवातीला ५४ होलचे स्कोअर दिले की इंडेक्स मिळतो, आणि तो जास्तीत जास्त ५४.० असतो.

उदाहरणादाखल घरच्या मैदानाचं कोर्स रेटिंग ६९.०, स्लोप १२०, पार ७० धरू. बाहेरच्याचं ७३.२, स्लोप १३५, पार ७२. घरी ९२ मारले: ९२ मधून ६९ गेले, उरले २३, गुणिले ११३, भागिले १२० म्हणजे २१.७. बाहेर ९६ मारले: ९६ मधून ७३.२ गेले, उरले २२.८, गुणिले ११३, भागिले १३५ म्हणजे १९.१. चार फटके जास्त लागूनही बाहेरचा राउंड सरस ठरला. हे गणित न करता तोंड पाडून घरी येणारे पुष्कळ.

इंडेक्स घेऊन मैदानावर गेलात की उलटा हिशोब करायचा: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग आणि पार यांतला फरक मिळवायचा. इंडेक्स १८.० असेल तर वरच्या घरच्या मैदानावर सवलतीचे १८ फटके मिळतात, बाहेरच्यावर २३. पाच फटक्यांचा फरक. हा आकडा पहिल्या टीवर जाण्याआधी स्कोअरकार्डवर लिहून ठेवा आणि कोणत्या होलला जादा फटका मिळतो त्यावर टिंब द्या. मग ४२० यार्डांच्या पार-४ ला बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली तरी जीव खालीवर होत नाही.

एकाच मैदानाने लागणाऱ्या खोडी

इंडेक्स घरी खाली येतो आणि बाहेर फुगतो, तेव्हा कारण बहुधा पाठांतर असतं. चौथ्या होलचा पट डावीकडे वळतो हे तुम्हाला माहीत आहे. तो *का* वळतो हे पाहणं तुम्ही कधीच सोडून दिलंय. टीवरचा फटका उजवीकडे घसरतो, पण घरी उजवीकडे मोकळं रान आहे म्हणून तो ‘माझा शेप’ (फटक्याचं नेहमीचं वळण) होऊन बसतो. बाहेर त्याच ठिकाणी पांढरे खुंट (हद्दीबाहेरची खूण) येतात.

औषध घरीच करता येतं. महिन्यातून एक राउंड सातच क्लब घेऊन खेळा (नियमाने चौदापर्यंत नेता येतात): ३-वूड, ५, ७, ९-आयर्न, दोन वेज (उंच, आखूड फटक्यांच्या क्लब), पटर. अर्ध्या ताकदीचे, पाऊण ताकदीचे फटके आपोआप शिकाल. एका राउंडला ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी क्लब) गाडीतच ठेवा. एका राउंडला टी बदला. पुढच्या टीवरून तेच होल वेगळे दिसतात, आणि ‘लेडीज टी’ म्हणून तिकडे नाक मुरडणाऱ्यांची तिथे बऱ्याचदा फजिती होते. शिवाय ग्रीनवर प्रत्येक पटाआधी उतार तोंडाने बोलायचा: “डावीकडे, दोन कप” (कप म्हणजे होलची रुंदी). सोबतच्याला ऐकू गेलं पाहिजे. मग मारायचं. पाठांतर उघडं पाडायला याहून स्वस्त युक्ती नाही.

कापूस निघाल्यावरचं शेत

मैदान दीडशे किलोमीटरवर, पण अंतरं मोजायला मैदान लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाट्या उपटल्यावर आणि नांगरट होण्याआधी रान मोकळं असतं. मालकाला विचारा. पुढे अडीचशे मीटर रस्ता, गोठा, चरणारी गुरं, विहिरीवरचा माणूस, काही नाही याची खात्री करा. बांधावर एक जण उभा करा आणि त्याने हात वर केला की थांबा.

५०, ७५, १००, १२५ आणि १५० मीटरवर काठ्या रोवून रंगीत चिंधी बांधा. चेंडू थेट काळ्या मातीवरून मारू नका. सुकलेली काळी जमीन फरशीसारखी लागते, मनगट दुखावतं, वेजची धार जाते. जाड रबराचा तुकडा किंवा जुन्या गालिच्याची दुहेरी घडी घ्या. प्रत्येक क्लबने दहा चेंडू. चेंडू पडतो तिथे धुळीचा लोट उठतो, तीच तुमची खूण: मोजायचं ते पहिल्या टप्प्यापर्यंतचं अंतर, घरंगळत गेल्यावरचं नाही. सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत जवळचे दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहा, शेजारी तापमान लिहा. राउंडला वापरता तेच चेंडू घ्या. रेंजवरचे झिजलेले कमी जातात. तीस चेंडू नेले तर पंचवीस मिळतील अशी तयारी ठेवा. उन्हाळा लागला की काळ्या मातीला भेगा पडतात आणि ४३ मिलिमीटरचा चेंडू त्यात अलगद उतरतो. काढायला हात घालू नका, काठी घाला.

तापमान का लिहायचं? गरम हवा विरळ, चेंडू लांब जातो, थंडीत उलटं. ढोबळ मानाने दर पाच-सहा अंशांना ड्रायव्हरमध्ये दोन यार्डांचा फरक. एप्रिलच्या ४२ अंशांत शेतात मोजलेलं अंतर घेऊन डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांत खेळायला गेलात, तर ड्रायव्हर दहाएक यार्डांनी आखूड पडेल, आयर्नही थोडे कमी. उंचीचा बाऊ मात्र करू नका. तापी खोऱ्यातल्या जळगावपेक्षा नाशिक-पुणे साडेतीनशे-चारशे मीटर उंच आहेत. त्याने दीडशे यार्डांच्या फटक्यात जेमतेम दोन यार्डांचा फरक पडतो. सोडून द्या.

सोडून देऊ नये अशी गोष्ट म्हणजे चढ-उतार. तापी खोऱ्यातल्या माणसाला सपाट जमिनीची सवय, आणि सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरच्या मैदानांवर दोन्ही पाय एका पातळीत असण्याचे फटके मोजकेच. त्याचा सराव पाटाच्या बांधावर होतो. बांधाच्या उतारावर आडवे उभे राहा, चेंडू पायांपेक्षा वर: उजव्या हाताचा खेळाडू असाल तर चेंडू डावीकडे जाणार. ग्रिप इंचभर खाली धरा, उजवीकडे नेम धरा. चेंडू पायांच्या खाली: तो उजवीकडे जाणार, गुडघे जास्त वाकवा आणि फटका पूर्ण होईपर्यंत तसेच ठेवा, नाहीतर चेंडूचं डोकं फोडाल. चढावर तोंड करून उभे असाल तर खांदे उताराला समांतर ठेवा. चेंडू उंच आणि आखूड जातो, म्हणून एक क्लब जास्त. प्लास्टिकचे भोकाचे चेंडू घेऊन हे संध्याकाळी वीस मिनिटं करता येतं. बघायला गर्दी जमेल, त्याची सवय करा.

चौथा राउंड: कुठे आणि कसा

बाहेरचं मैदान घरच्याच्या उलट स्वभावाचं निवडा. घरचं सपाट असेल तर पुण्याचं बावधनजवळचं ऑक्सफर्ड: डोंगरावरचं, चढ-उताराचं. घरचं मोकळं, बोडकं असेल तर येरवड्याचं पूना क्लब, जिथे झाडं तुमचा सरळपणा मोजतात. खारघर व्हॅली सिडकोचं आहे, सदस्य नसणाऱ्यालाही तिथे खेळता येतं, आणि डोंगराच्या कुशीत आहे. १९२७ चा चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी हा सदस्यांचा क्लब. तसल्या ठिकाणी सदस्याच्या सोबतीने जायचं असतं.

आणि एक आग्रह: वर्षाला सहा बाहेरचे राउंड असतील तर सहा मैदानं पाहू नका, तीन मैदानांवर दोन-दोनदा जा. एकदाच पाहिलेलं मैदान म्हणजे लग्नात भेटलेला पाहुणा. नाव आठवतं, ओळख होत नाही. पहिल्या खेपेला मैदान तुम्हाला फसवतं, दुसऱ्या खेपेला कळतं की मैदान फसवत होतं की तुम्हीच चुकत होता.

फोनवर विचारायचं ते असं. पाहुण्यांना कोणत्या दिवशी, किती वाजता? हँडिकॅपचं कार्ड लागतं का? कॅडी (बॅग उचलणारा, वाट दाखवणारा सोबती) सक्तीचा आहे का, ग्रीन फीमध्ये काय काय धरलंय? अठराही होल चालू आहेत का? आणि शेवटचा, सर्वांत कामाचा प्रश्न: ग्रीनला छिद्रं पाडून वाळू कधी टाकली? ते काम नुकतंच झालेलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे ग्रीन मंद आणि खडबडीत असतात. चारशे किलोमीटर जाऊन वाळूत पट मारण्यापेक्षा तारीख बदला. कॉलरचा शर्ट आणि सॉफ्ट स्पाइकचे बूट सगळीकडे चालतात.

आदल्या रात्री क्लबचं स्कोअरकार्ड आणि मोबाइलवरचा उपग्रह नकाशा शेजारी ठेवा. नकाशावर अंतर मोजायची सोय असते. प्रत्येक पार-४ आणि पार-५ वर टीपासून पहिल्या अडचणीचं अंतर मोजून कार्डावर लिहा. टी निवडताना लाज सोडा: ५-आयर्नचं सरासरी अंतर गुणिले ३६ हा जुना ठोकताळा बरा आहे. १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्डांच्या आसपासची टी तुमची.

मैदानावर ४५ मिनिटं आधी पोहोचा. त्यातली निम्मी पटिंग ग्रीनवर. होलकडे बघू नका. दहा पावलांवरून चढाला तीन, उताराला तीन, परत उलटे, आणि चेंडू कुठे थांबतो एवढंच पाहा. सोबत कळण्याची भाकरी आणि भरीत असेल तर ते नवव्या होलनंतर. भरताने भरलेल्या पोटाने टी-ऑफ करू नये.

पहिले तीन होल नेमाचे: टीवर खात्रीची क्लब, दुसरा फटका ग्रीनच्या मध्यावर, पिन (होलमधली निशाणाची काठी) कुठेही असो. अंतराचे खुंट यार्डात आहेत की मीटरमध्ये, आणि ते ग्रीनच्या पुढच्या काठापर्यंतचं अंतर सांगतात की मध्यापर्यंतचं, हे कॅडीला पहिल्या टीवरच विचारा. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. या एका गैरसमजात दीड क्लब जाते आणि माणूस दिवसभर स्विंग दुरुस्त करत बसतो.

कॅडीदादांना “कोणती क्लब मारू?” असं पहिल्याच होलला विचारू नका. त्यांनी तुमचा फटका अजून पाहिलेला नाही, ते समोरच्याचा मान राखून लहान क्लबच हातात देतील. विचारायचं ते त्यांना पक्कं माहीत असलेलं: “दादा, इथे पाणी कुठे वाहतं? बंकरच्या पलीकडे किती जागा आहे? चेंडू घरंगळतो का?” चौथ्या होलपासून क्लबही विचारा. चेंडू हरवल्यासारखा वाटला तर शोधायला निघण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट बोलून दुसरा मारा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि अनोळखी रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) ती भुर्रकन जातात.

हरळी, काळी माती आणि वाळूचे ग्रीन

केळीच्या बागेत जिच्या नावाने आपण बोटं मोडतो ती हरळी म्हणजेच गोल्फवाल्यांचं बर्म्युडा गवत; एकाच कुळातली, फक्त कातरून शहाणी केलेली. तिला कल असतो. होलच्या बाजूने गवत चमकत दिसलं तर कल तुमच्यापासून पुढे: पट पळेल. काळपट दिसलं तर कल तुमच्याकडे: जोर लावा. शंका असेल तर होलचा काठ बघा. ज्या बाजूचा काठ खरबरीत, झिजलेला, त्या बाजूला गवताची शेंडं वळलेली. सकाळी दव असतं तेव्हा ग्रीन मंद, दव उडाल्यावर जलद, दुपारनंतर गवत वाढून पुन्हा थोडं मंद. घरच्या ग्रीनवर हे अंगवळणी पडलेलं असतं. बाहेर जाणीवपूर्वक बघावं लागतं.

पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान असेल तर चेंडू आपल्याच खड्ड्यात रुततो. पेनल्टी एरिया (पाण्यासारखी आखलेली अडचणीची जागा) आणि बंकर सोडून इतरत्र रुतला असेल तर दंडाशिवाय उचलून, पुसून, खड्ड्याच्या लगेच मागून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करता येतो. रुतलेला नाही, नुसता चिखल चिकटलाय, तर पुसायची परवानगी नाही, त्या दिवशी तसा स्थानिक नियम लावला नसेल तर. तेव्हा चिखल कोणत्या बाजूला आहे ते पाहा: चिखल उजवीकडे असेल तर चेंडू डावीकडे झुकतो.

काही जुन्या आणि छोट्या मैदानांवर गवताऐवजी ‘ब्राउन’ सापडतात: तेल मिसळलेल्या वाळूचे ग्रीन. नाक मुरडू नका, नियम समजून घ्या. पट मारण्याआधी फळीने चेंडू ते होलची वाट सपाट करून घ्यायची मुभा तिथे स्थानिक नियमाने असते. पटाला उतार जवळजवळ नसतो, वेग मात्र सगळं ठरवतो. वाळूच्या पातळ थराखाली जमीन कठीण असल्यामुळे उंच वेज टप्पा खाऊन पलीकडे पळतो. ८-आयर्नने अलीकडे टाकून घरंगळत नेणं बरं.

वर्षाची आखणी

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे आपले खरे महिने. बाहेरचे सहापैकी चार राउंड यात उरका. डिसेंबरमध्ये धुळ्याचा पारा एक आकड्यात उतरतो, तेव्हा पहाटे अडीचला निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जाऊन राहा. जानेवारी-फेब्रुवारीत रान मोकळं झालं की शेतातली मोजणी. एप्रिल-मे मध्ये सहाच्या टी-टाइमलाच खेळा, माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर ठेवा, आणि राउंड संपल्यावर लगेच स्टिअरिंगवर बसू नका. चार तास उन्हात आठ किलोमीटर चाललेला माणूस तीन तासांच्या रस्त्यावर डुलकी खातोच. दोन तास झोपा किंवा रेल्वे घ्या. भुसावळ-जळगाव-चाळीसगावकराला नाशिकरोड आणि देवळाली एकाच मार्गावर आहेत. रेल्वेत बॅग नेताना ड्रायव्हरपेक्षा चार बोटं लांब अशी जाड काठी बॅगेत उभी ठेवा, म्हणजे धक्का काठीला बसतो, शाफ्टला नाही.

घरी पोहोचल्यावर, अंघोळीआधी, वहीत तीन ओळी: घरच्या मैदानाने कधीच न मागितलेला कोणता फटका आज मागितला गेला, तो किती वेळा आला, किती वेळा जमला. ‘चेंडू पायांच्या वर, ८-आयर्न, चारदा आला, एकदा जमला’ अशी ओळ असेल तर पुढच्या रविवारी पाटाच्या बांधावर ८-आयर्नच न्यायचं, बाकीची बॅग घरी.